स्टीलचा पेला

मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होऊन हातांना गरम-गार कळेनासं झाल्यापासून प्रमोदिनीच्या राजापेठेतल्या घरी तेलवाले, पुडीवाले, ताईतवाले येऊन गेले होते. आज अकोल्याहून नत्थुजी आले. "मलेबी तोच आजार हाये, ताई. आमी पेशंट लोकं दर महिन्याले भेटतो, तुमीबी या." हाही काहीतरी गळ्यात मारणार! तिनं स्वयंपाकघरातून उकळता चहा स्टीलच्या पेल्यात आणला आणि मुद्दाम बशी न देता त्यांच्या हातात दिला. खोटा असेल तर चटका बसून हात झटकेल. नत्थुजींनी पेला निवांत धरला, गालाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. "आपल्या हातावर भरोसा नाई राह्यला, गालालेच इचारा लागते." चहा वाटेत निवला असेल, असं धरून प्रमोदिनीला तेही नाटकच वाटलं. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. "ताई, पेला कायनं धरून आणला?" तिनं पाहिलं. बोटांवर फोड टरारून आले होते.