साहेबांचा स्वेटर

पौषातल्या सकाळी हुरड्याच्या आगटीभोवती सगळे पातळ सदऱ्यात बसले होते. कडाक्यातही न करपणारी ही नवी ज्वारी खायला लागल्यापासून गावात कुणाला थंडी वाजत नव्हती. गेल्या साली पहाटे पिकाला पाणी द्यायला गेलेली भिवसेनची बायको ओल्या लुगड्यात गारठून मेली. तिलाही थंडी वाजली नव्हती.

बियाणं देणारे साहेब मात्र स्वेटर घालून हात शेकत होते.

"साहेब, हुरडा घ्या की," भिवसेन म्हणाला.

"नको, पित्त होतं."

"मागल्या खेपेला उपास होता."

"शहरातलं पोट ते, तात्या!" कुणीतरी भिवसेनकडे बघून हसलं.

भिवसेन हसला नाही. शेजारी त्याची सहा वर्षांची रेवू गाल फुगवून हुरडा चावत होती. त्याने तिच्या तोंडापुढे ओंजळ धरली.

"रेवू, थुंक."