दारावरचं मशीन

शाखांच्या दारावरची जुनी हजेरीची मशीनं, बोट ठेवलं की बाईच्या आवाजात थँक्यू म्हणणारी, मी सोलापूरच्या मुख्य ऑफिसातून सर्व्हरवरून काढत होते. आधी त्यांवरची निवृत्त लोकांची खाती बंद करायची, मग मशीन काढायचं. काढण्याआधी खातं वापरात नाही ना, एवढं बघायचं. बार्शी शाखेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. तिथले शिपाई ईश्वर बनसोडे निवृत्त होऊन सात महिने झाले होते, आणि त्यांच्या बोटाची नोंद आज सकाळी नऊ पन्नासची होती. कालचीही होती. परवाचीही.

काहीतरी घोळ आहे म्हणून मी चिडूनच त्यांना फोन लावला.

“काका, तुम्ही अजून रोज बोट लावायला येता?”

“व्हय मॅडम. मशीन दाराभायेरच हाय की. मी आत जात न्हाय. बोट लावतो आन् माघारी फिरतो.”

“पण कशाला? तुमची हजेरी आता कुणी बघतसुद्धा नाही.”

“ठावं हाय मला. मशीन काढताय व्हय ते?”

“हो. आजच.”

“काढा की. एकतीस वर्षं हापिसाला च्या दिला, मॅडम. थँक्यू म्हणणारं तेवढं एकच भेटलं.”