न वळलेली मान

सकाळी गॉगल सापडला नाही, म्हणून उन्हात डोळे किलकिले करत नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच गाड्यांच्या शर्यतीचे फोटो काढले. संध्याकाळी घरी येतो तर बायको दारातच उभी. "मीपण आत्ताच आले ताईकडून. फोटो गाड्यांचेच काढलेत ना? दाखवा बघू!" गाडीबरोबर कॅमेराही फिरवायचा असतो, हे गड्याला कुठे ठाऊक? तो खांबासारखा उभा राहिला होता. प्रत्येक फोटोत गाडीच्या जागी नुसता फराटा. "यात तर गाडीच नाही! मग दिवसभर कॅमेरा कुणावर रोखला होता?" गाडी दाखवायला त्याने एक फोटो मोठा केला. फराटा फराटाच राहिला, पण मागचे प्रेक्षक लख्ख दिसले. सगळ्यांच्या माना गाडीपाठोपाठ वळलेल्या. एकच बाई त्याचा गॉगल लावून थेट त्याच्याकडे बघत होती. कॅमेरा बायकोपुढे धरून त्याने गोडीत विचारलं, "ताई बरी आहे ना?"