पलीकडचा हात

"हा हात मी ओळखते," नंदा म्हणाली आणि पदराखालची स्टीलची वाटी सांभाळत भिंतीच्या आणखी जवळ गेली.

हात भिंतीवर रंगवलेला होता. सिमेंटने बुजवलेल्या एका भोकातून तो कोपरापर्यंत बाहेर आला होता. मनगटात हिरव्या बांगड्या, तळव्यावर वाटी. जेद्दातल्या ह्या भिंतीच्या एका अंगाला एकेकाळी हॉस्पिटलवाल्यांचं कंपाउंड होतं आणि दुसऱ्या अंगाला मजुरांचा कॅम्प. आता दोन्ही गेले होते आणि नुसती भिंत उरली होती. चित्रकारांनी जुन्या रहिवाशांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवली होती. शुक्रवारी संध्याकाळी लोक पोराबाळांसकट बघायला यायचे. नंदाने ह्या भिंतीच्या सावलीत संसार थाटला होता, पण तिची कॅम्पकडची बाजू ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"आई, यू नेव्हर सॉ हर," सानिका म्हणाली. "एकदासुद्धा नाही."

"तोंड नाही पाहिलं. पण मी नर्स आहे, मला हात कळतो. बघ कसा भरलेला आहे. कामाचा हात आहे हा, आणि कोकणातलाच."

नंदाला स्वतःविषयी शंका म्हणून कधी आली नव्हती. ज्या पेशंटची शीर कुणाला सापडत नसे, त्याच्यासाठी अख्खं हॉस्पिटल तिला हाक मारायचं. तिनेही शीर सापडली नाही असं कधी होऊ दिलं नव्हतं. लेकीने हसावं आणि आईने दुर्लक्ष करावं, हे त्यांच्या घरात रोजचंच होतं.

सानिका जन्मली तेव्हा मात्र ह्या बाईचं अवसान पार गळालं होतं. नवरा तबूकला बांधकामावर, आई चिपळूणला, आणि कंपाउंडमध्ये कुणाला मराठी येत नव्हतं. मोबाइलला रेंज फक्त मागच्या अंगणात, भिंतीपाशी मिळायची. तिथे उभी राहून ती आईशी बोलायची आणि रडायची. एका सकाळी पाइपासाठी ठेवलेल्या त्या भोकात कुणीतरी वाटी ठेवलेली दिसली. वाटीत नारळाच्या दुधातली अळिवाची खीर होती, अजून गरम. मग ती रोजच येऊ लागली. नंदा ती तिथेच उभ्याने खायची. त्या खिरीने तिला उभं केलं, असं ती आजही सांगते.

भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. कधी साखर, कधी खारीक घालून, भोकात कोपरापर्यंत हात खुपसून ती वाटी पलीकडच्या कडेला ठेवून यायची. बारसं झालं तेव्हा आईने पाठवलेला खण तिने वाटीत घातला. पलीकडच्या बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईची ओटी भरायला नको? "ताई, नाव तरी सांगा," असं तिने भोकाला तोंड लावून विचारलंही होतं. पलीकडून कुणी बोललं नव्हतं. पुढे कॅम्प उठला, भोक बुजलं, आणि शेवटची वाटी नंदाकडेच राहिली.

आता तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला होता. पुढच्या आठवड्यात ती कायमची चिपळूणला चालली होती. दुसऱ्याची वाटी घेऊन जायचं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून आज वाटीत नारळाच्या वड्या भरून ती आली होती. हे चित्र ज्यांनी सांगून काढून घेतलं, त्यांना ती बाई ठाऊक असणारच, असा तिचा हिशेब होता.

"इथे कुणाला विचारायचं?" ती मोठ्याने म्हणाली.

भिंतीलगतच्या बाकावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा थर्मासमधून चहा ओतत होता. मराठी कानावर पडताच त्याने मान वर केली. मग त्याची नजर वाटीवर गेली, आणि तो चहा तसाच ठेवून उठला.

"वाटीच्या बुडाला पोचा हाय का?" त्याने विचारलं.

नंदाने वाटी उचलून खालून पाहिली. पोचा होता. कितीतरी वर्षं होता.

"मी इब्राहीम. दाभोळचा. हितं कॅम्पात आचारी होतो."

"मग ती बाई तुम्हाला माहीत असेल. खीर करणारी."

"बाई कुठली, ताई? शे-दीडशे बाप्ये ऱ्हायचे हिकडं, औषधाला बाई नव्हती. माझी ताजुन्निसा तवाच गावाला बाळंत झालेली. कफील, म्हंजे मालक, रजा देईना. तिला करून घालता येत नव्हतं, म्हणून तुमाला घालायचो. बोललो नाय, कारण बाप्याचा आवाज ऐकला असता तर तुमी वाटी घेतली नसती."

घेतली नसती, हे खरंच होतं.

"तुमचा खण मी गावाला धाडला. माझ्या इफराचं पयलं झबलं त्याचंच."

नंदाने दोन्ही हातांनी वाटी त्याच्यापुढे धरली. त्याने एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून खाल्ली. तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही. सानिका हसायची थांबली होती.

मग नंदाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्या भरलेल्या मनगटाकडे, हिरव्या बांगड्यांकडे. ड्यूटीवर बांगड्या चालत नसत. तिच्या स्वतःच्या हातात त्या आयुष्यात एकदाच, बाळंतपणापुरत्या राहिल्या होत्या.

"पण मग हा हात कुणाचा?"

"चित्रवाल्याला मीच सांगितला," इब्राहीम म्हणाला. "मी हिकडून बघायचो, ताई. मला तुमचा तेवढाच दिसायचा."