मैनेचा घास

“हा घास चिऊचा, हा घास मैनेचा,” म्हणत शरयूने कडेवरच्या नरूला मऊ भाताचा घास भरवला. नरूने तो गालात धरून ठेवला. समोर शेजारच्या डोमाजीच्या टांग्याची घोडी मैना दिसली तरच हा पोरगा तोंड उघडायचा, म्हणून ती रोज संध्याकाळी वाटी घेऊन त्याच्या अंगणात यायची. उभी राहायची मात्र लाथ पोचणार नाही इतकी लांब.

आज अंगणात पुलगावचा घोड्यांचा व्यापारी प्रेमदास दोरी घेऊनच आला होता. मैनेला न्यायला. मैनेच्या बरगड्या कातडीखालून वर आल्या होत्या.

“खात नाई का हे?” त्याने विचारलं.

“खाते ना! चणे, कडब्याची कुट्टी, तोबराभर. रोज तोबरा साफ. पण अंगाले काई लागत नाई.” डोमाजीने घोडीच्या मानेवर हात फिरवला. “नजर उतरवली, केळझरच्या गणपतीले नारळ फोडला. आता काय करू?”

“मले देऊन टाक. हे हाडं घेऊन सिंदीच्या ठेसनावर उभा राह्यला, त कोणी बसन तुह्या टांग्यात?”

डोमाजीची बायको पंचफुला पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. मैना गेली की टांगा उभा, आणि टांगा उभा राहिला की चूलही थंड.

डोमाजीने मैनेच्या तोंडाला बांधलेली तोबऱ्याची पिशवी सोडून भिंतीशी टाकली. लगेच त्यांच्या शेळीने आत तोंड घातलं. ती हे रोजच करायची. शरयू रोजच बघायची. आज मात्र तिचं लक्ष शेळीच्या पोटावर गेलं. चांगली गरगरीत झाली होती.

तेवढ्यात नरूने गालातला घास तिच्या खांद्यावर सोडला. चघळलेला, ओला, कोमट गोळा. शरयूने खांद्याकडे पाहिलं. मग शेळीकडे.

“डोमाजी, तो तोबरा उपडा करा बरं.”

“काऊन जी?”

“करा ना!” आपला आवाज इतका चढेल असं तिला वाटलं नव्हतं.

डोमाजीने शेळीला कान धरून मागे ओढलं आणि तोबरा झटकला. लाळेने चिंब कुट्टीचे गोळे बदाबदा पडले. मधेमधे अख्खे चणे.

“बघा. मैना चावते आणि टाकते. तोंड तोबऱ्यात, म्हणून दिसत नाही. खाते ती ही शेळी.” शरयूने खांद्यावरचा गोळा दाखवला. “आमचा नरू असंच करतो, दाढ दुखत असली की.”

प्रेमदास खो खो हसला. “आता घोडीले बी दाढ येऊन राह्यली काय, बाई?”

डोमाजी हसला नाही. “पुढचेच दात पाह्यले म्या,” तो पुटपुटला. त्याने मैनेची जीभ एका बाजूला ओढून धरली आणि दुसरा हात गालाच्या आत, पार मागपर्यंत सरकवला. मैनेने मान झटकली. शरयूने नरूचं डोकं छातीशी दाबलं.

“हळू, डोमाजी! लागेल तिला!”

हात बाहेर आला तेव्हा बोटांत पऱ्हाटीचा तुकडा होता. कापसाची ती वाळकी काडी, काळी पडलेली, कुबट वासाची.

“दाढात आडवी फसली होती, माय! चुलीची पऱ्हाटी, कुट्टीत आली असंन.”

पंचफुला धावत मिठाचं पाणी घेऊन आली. तोंड धुऊन झालं. सकाळसाठी भिजत घातलेले चणे तिनेच रगडले, कोंड्यात कालवले आणि तोबरा पुन्हा मैनेच्या तोंडाला चढवला. आधी काहीच हाललं नाही. मग मैनेचे कान पुढे आले आणि जबडा संथ, गोल फिरू लागला.

“प्रेमदासभाऊ,” पंचफुलाने पदर खोचला, “दोरी गुंडाळा. चहा पिऊन जाजा.”

“थांब व, तोबरा त पाहू दे,” प्रेमदास म्हणाला.

मैनेचा जबडा थांबल्यावर डोमाजीने तोबरा सोडला आणि मुद्दामच भिंतीशी ठेवला. शेळी धावत आली. शिंगांपर्यंत आत शिरली, हा कोपरा चाटला, तो कोपरा चाटला. मग तोंड बाहेर काढून ती थेट शरयूकडे बघत जोरात ओरडली.