उरलेला स्क्रू

टॉवेलवर ग्रीसचा अंगठा. पान्यांच्या खणात पक्कड. बायकोचं शिवणयंत्र महिनाभर कुरकुरलेलं नाही. लिफ्टदुरुस्तीवाल्या बापाला घरात कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका होतीच. आज लेकीने इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म सहीसाठी पुढे ठेवला. "कुणी भरवलं डोक्यात? मैत्रिणी चालल्या म्हणून तूही निघालीस?" "माझं मीच ठरवलं, बाबा." "सायकलची चेन तरी बसवलीस कधी?" शिवता शिवता बायको म्हणाली, "हे यंत्र कुणी खोलून जोडलं, विचारा की." बापाने हत्यारांची पेटी उघडली. पाने चकचकीत पुसलेले होते, पण एकही आपल्या जागी नव्हता. "जोडताना काही उरलं?" त्याने डोळे बारीक केले. "खरं सांग." लेकीने कंपासपेटीतून एक स्क्रू काढून फॉर्मवर ठेवला. तो खिशात टाकून बापाने सही केली. त्याने जोडलेल्या पहिल्या लिफ्टचे तीन उरले होते.