मण्यातली लाख

तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटात सामान लावताना प्रमोदिनीनं वारलेल्या सासूची ट्रंक झटकली, तर फाटक्या अस्तरातून बोरमाळ टपकन खाली पडली. नरहरीनं ती उचलली आणि बायकोकडे न बघताच विचारलं, "सोन्याची असन का?"

झालं, त्याची तपासणी सुरू! चुंबक लावलं, चिकटलं नाही. व्हिनेगरात बुडवली, काळी पडली नाही. पण उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं लोखंड तापवलेल्या माणसाचं एवढ्यानं कुठलं समाधान व्हायला? त्यानं दोरा तोडला, एक मणी सांडशीत धरला आणि सरळ गॅसवर नेला. मणी चरचरला, धूर निघाला आणि आतून काळा चिकट रस शेगडीवर ठिबकला.

"नकली! आत डांबर भरलं आहे!"

"लाख आहे ती," प्रमोदिनी दात आवळून म्हणाली. "बोरमाळेचा मणी पोकळच राह्यते. आत लाखच भरतात. सोनं खरं आहे."

नरहरी तिच्यावरच भडकला. "मंग आधी काहून नाही सांगितलं? माझ्या मायचा मणी जाळला ना!"

प्रमोदिनीनं त्याच्या हातातली सांडशी हिसकावून ओट्यावर आपटली.

"सांगितलं नाही? चौदा वर्षं सांगून राहिली मी, का मायची बोरमाळ मी चोरून माहेरी नाही देल्ली. माझं सांगणं तुम्ही कधी खरं धरलं?"